खांद्यावरचा पिवळा डाग

छबूबाई: अगं, बास कर घासनं! सदरा फाटंल. ह्या दुष्काळात पानी तरी कुठनं आननार हायेस आनखी?

मनकर्णा: आक्का, घरातलं तिन्ही साबन लावून बघितलं. कॉलरचा मळ निळ्या पावडरीनं बघता बघता सुटला. बाहीचं वंगन कापडाच्या लांब बार-साबनानं निघालं. बाजारातली ती नवी वडी मला नुसती वासाची वाटली, तर तिनं घामाचं पट्टं काढलं. ह्यो खांद्यावरचा पिवळा डाग मातर कुनालाच जुमानंना.

छबूबाई: भाजी सांडली असंल.

मनकर्णा: खांद्यावर? आन् तेलकटपना कुठं हाय? साबन लावला की लाल हुतो, खळबळला की पुन्ना पिवळा.

छबूबाई: मग हळदच ती. ओली हळद.

मनकर्णा: बोटं बघा की कशी उठल्यात. बाईचा हात हाय.

छबूबाई: काल भावजी कुठं गेल्तं?

मनकर्णा: कर्जतला. खडीच्या कामावर नाव लावायला.

छबूबाई: कर्जतला? आमचं हे पन काल तिथंच हुतं दिसभर. भावजी भेटलं असं काय म्हनलं न्हाईत बाई.

मनकर्णा: आक्का, काय ठावं आसंल तर सांगा.

छबूबाई: मी कशाला वाईट होऊ? पन सासूबाई दिवाळीपास्नं त्यांच्या कानाशी लागल्यात. दुसरी कर, घरात पाळना हलाया पायजे म्हनून.

मनकर्णा: म्हंजे ही नवरदेवाची हळद? आन् मीच धूत बसलीया व्हय?

छबूबाई: हळू! आलं बघ भावजी. मी जाते आत.

मनकर्णा: थांबा. तुमच्याम्होरंच इचारते. अवं, काल कुठं गेल्ता?

रंगनाथ: सांगितलं की. कर्जतला.

मनकर्णा: खडी फोडनाऱ्यास्नी हळद लावत्यात का तिथं?

रंगनाथ: वैनी, काय झालंय हिला?

छबूबाई: सदरा बघा आदी. मग बोला.

मनकर्णा: नाव सांगा तिचं. रडनार न्हाई मी. गाठोडं बांधंन फकस्त.

रंगनाथ: बनुबाई.

छबूबाई: अगं बया!

मनकर्णा: बनुबाई? ते तर माझ्या आईचं नाव.

रंगनाथ: तिचाच हात हाय त्यो. काल काष्टीला गेल्तो मी. तुझ्या दादाच्या पोरीची हळद हुती. म्हातारी पाट्यावर वाटत बसल्ती. मला बघितलं, उठली, आन् तसाच भरल्याला हात खांद्यावर टाकून रडाया लागली. 'माझी मनी न्हाई आली?' म्हनली.

मनकर्णा: मग माझ्यापास्नं चोरून का गेलात?

रंगनाथ: तुझा बाप गेला तवा दादानं निरोप धाडला न्हाई. त्या उंबऱ्याला पाय लावू नका म्हनून तूच शपथ घातलीस मला. सांगितलं आस्तं तर जाऊ दिलं आस्तंस?

छबूबाई: आन् सासूबाई ते दुसरीचं म्हनत हुत्या...

रंगनाथ: आईला तवाच बजावलंय, पुन्ना ह्यो इषय काढलास तर आमी दोघं वेगळं निघू. हे न्हाई आलं व्हय तुमच्या कानावर, वैनी?

छबूबाई: न्हाई बाई. आमाला कोन सांगतंय!

मनकर्णा: दादानं इचारलं का माझं?

रंगनाथ: खरं सांगू?

मनकर्णा: सांगा.

रंगनाथ: न्हाई इचारलं.

मनकर्णा: आन् आई कशी हाय?

रंगनाथ: लई वाळली. घरात एवढं कार्य, पन तिचं ध्यान सारखं वाटंकडं. लगीन उद्या दुपारी हाय.

छबूबाई: जा गं मनकर्णे. हितलं मी बघते.

मनकर्णा: दादाशी बोलनार न्हाई मी. आईपाशी नुसती बसंन... काष्टीची पयली एस्टी कवा सुटती?