पूर्ण समाधान

माह्यं माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या मुलखातलं, अन् दिलं मले अचलपूरजवळ, फुलं-भाजीवाल्यांच्या घरी. म्हणजे काय, तं संत्र्याचा माल वर्षातून एकदोनदा, अन् इकडं झेंडू, वांगे, गोबी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, रोजचं तोडणं, रोजचं इकणं, सण नाही का सुतक नाही. माह्या बापानं पोरगा पाह्यलाच नाही, ताई, वावरातली विहीर पाह्यली, म्हणे पाणी हाये, पोरगी उपाशी मरत नाही. पोरगा मंग म्या पाह्यला, मांडवात, अंतरपाट निघाल्यावर. चांगला होता. कमी बोले. आता तं बोलतच नाहीत, तिकडं बसले हायेत पाहा ओट्यावर, तुमी आल्या तरी मान वर केली नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

मले पहिल्या तिन्ही पोरी. सासू दर खेपेले तोंड फिरवून बसे, जसं काही म्या जाणून केलं. चौथ्या खेपेले पोरगा झाला तवा हे दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, मोठ्यानं म्हणाले, बस, आता समाधान झालं. एवढंच बोलले. नर्स इचाराले आली का काय नाव ठेवता, तं माह्ये जेठ, यायचे मोठे भाऊ, म्हणाले, आताच तं सांगतलं ना त्यानं, समाधान झालं म्हणून. तेच नाव पडलं. आमच्याकडं गंज समाधान हायेत, ताई, कोणत्याबी गावात जा, दोनचार भेटतीनच, अन् पाहा तुमी, प्रत्येकाच्या आधी दोन-तीन बहिणी असतातच.

तर हा समाधान. शाळेत मन नव्हतं त्याचं, खोटं काहून बोलू, पण गाडीत होतं. आमी फुलाचे गठ्ठे एसटीच्या टपावर टाकून अमरावतीले नेत होतो, कंडक्टरच्या हातापाया पडा, उतरवाले कोणी नाही, अर्धे फुलं दबून जात. हा लहानपणापासून म्हणे, माय, मी मोठा झालो का तुले स्वताच्या गाडीत फुलं घेऊन जाईन, तू समोर बसजो. अन् घेतलीच त्यानं. पिकअप. नवीकोरी, पांढरी. बाईच्या नावानं घेतली तं सवलत भेटते म्हणून माह्या नावानं घेतली, नंबर पण माह्याच मोबाईलचा टाकला, म्हणे मालकीण तू, मी डायव्हर. शोरूममध्ये त्या लोकायनं मले हार घातला अन् हातात एवढी मोठी चाबी देली, फोटो काढाले. मी म्हटलं बाप्पा, एवढ्या चाबीचं कुलूप केवढं असन. पुठ्ठ्याची होती. फोटो झाला का परत घेऊन घेतली. तो फोटो हाये घरात, पण उलटा ठेवला हाये पेटीत.

पहिले काही महिने गाडी अशी चालली का काय सांगू तुमाले. सकाळी अमरावतीच्या मंडईत फुलं, कधी अकोल्याले जुन्या शहरात भाजी, बुधवार-बाजार, शुक्रवार-बाजार, अन् घाट चढून धारणीकडं पण जाय तो, तिकडं भाव बरा भेटते, गोबी तं हातोहात जाते. मंग तो गिअर सुटू लागला. म्हणजे कसं, चढावर माल भरून तिसऱ्यात टाकला का दांडा आपोआप खटकन मांगं येते, अन् गाडीत दमच राहत नाही, इंजन नुसतं वरडते. आधी तिसरा सुटे, मंग दुसरा, मंग पहिला पण धरेना. उभी केली चढावर अन् गिअरात टाकून ठेवली तरी भरवसा नाही, हळूच सरकन.

गेलो शोरूमले. गळ्यात टायची पट्टी बांधलेला एक साहेब होता, बोलाले लय गोड, चहा पाजे. पहिल्यांदा म्हणे तेल बदललं काकू, आता पाहा लोण्यासारखी चालन. दुसऱ्यांदा म्हणे तुमचा मुलगा दांड्यावर हात ठेवून चालवते, त्याच्यानं असं होते. तिसऱ्यांदा म्हणे तुमी माल जास्त भरता. मी म्हटलं अरे बाबू, पिकअप हाये ना हे, त्यात माल नाही भराचा तं काय वरात न्यायची? समाधान मले कोपर मारे, माय, चूप राह्य, काम करून घ्याचं हाये. शेवटी त्यायच्याच मिस्तरीनं खोलून पाह्यलं अन् सांगतलं का गिअरबॉक्सच बदला लागते. साहेब म्हणे वॉरंटीत हाये, काळजी करू नका, कंपनीकडं तक्रार टाकली, मंजुरी येऊ द्या. कंपनीतून फोन येईन तुमाले, तेवढं बोलून घेजा.

फोन आला. मी वावरात झेंडू तोडून राह्यली होती, वारा सुटला होता, अन् समाधान मंडईतून येऊन लिंबाखाली खाटेवर झोपला होता. एक पोरगी, गोड आवाज, पुस्तकातल्यासारखी मराठी. नमस्कार ताई, कंपनीतून बोलते आहे, आपल्या गाडीच्या तक्रारीबाबत आपलं समाधान आहे का? मले आयकू आलं, आपला समाधान आहे का. मी म्हटलं हाये ना, हाये, समाधान हाये. मंग तिनं इचारलं, पूर्ण समाधान? मले वाटलं पूर्ण नाव इचारून राह्यली, कंपनीचं काम, कागदावर पूर्ण नाव लागतेच. मी सांगतलं, हो, समाधान वासुदेव, अन् आडनाव. ते म्हणे, म्हणजे आहे ना समाधान? मी म्हटलं अवं बाई आता खोटं बोलीन का, हाये, मले दिसून राह्यला इथून. ते म्हणे धन्यवाद, आपला दिवस शुभ असो. मी म्हटलं तुहाबी. झालं.

तो उठल्यावर म्या सांगतलं का कंपनीचा फोन आला होता, तुलेच इचारत होती. तो म्हणे काय इचारलं? जसं झालं तसं सांगतलं. आधी तं तो पाहतच राह्यला माह्याकडं, मंग असा हसला, असा हसला, खाटेवर लोळून लोळून हसला. म्हणे माय, तुनं तं माह्या गिअरबॉक्सची आरतीच करून टाकली. गावात सांगतलं त्यानं. मंग काय, जो तो रस्त्यात भेटला का म्हणे, काय वं काकू, पूर्ण समाधान? पाराजवळचे म्हातारे पण सोडत नव्हते.

शोरूमले गेलो तं साहेबानं कंप्युटर फिरवून दाखवलं. ग्राहक पूर्ण समाधानी, तक्रार बंद. मी म्हटलं अरे समाधान माह्या पोराचं नाव हाये, हा काय उभा हाये तुह्यासमोर! तिथले सगळे हसाले लागले. साहेब पण हसला, म्हणे काकू, पण तुमचा आवाज रेकॉर्ड हाये, माह्या हातात काही नाही, पुन्हा पहिल्यापासून तक्रार टाका लागन. मी पण हसली, काय सांगू तुमाले, समाधानही हसला. तवा हसू येत होतं ना.

नवी तक्रार टाकली. साहेब म्हणे गाडी ठेवून जा, मंजुरी आली का करून देतो. किती दिवस लागतीन? ते सांगता येत नाही. आता झेंडूले कोण सांगन का थांब बाबा, मंजुरी नाही आली? लग्नसराई तोंडावर. गाडी घेऊन आलो घरी.

मंग मी त्याच्यासंगं जाऊ लागली. घरचे हसत, पण मी आयकलं नाही. पायापाशी एक गोटा ठेवे, नदीतला, चांगला वजनदार. घाटात चढ लागला का तो स्टेरिंग धरे अन् मी दोन्ही हातानं दांडा दाबून धरू, सुटू देत नव्हती. थांबाचं काम पडलं का, भरल्या गाडीले हातब्रेक पुरत नव्हता, तं तो ब्रेक दाबून बसे अन् मी उतरून मांगच्या चाकाखाली गोटा लावू. तो म्हणे, माय, तू मालकीण का क्लीनर? मी म्हणू चूप, समोर पाह्य. दांडा हातात थरथर करे, जसं तापातल्या लेकराचं अंग. घाट संपला का तो गाडी बाजूले लावे, आमी डब्यातली पोयी-चटणी खाऊ, खाली सगळं रान दिसे. ताई, माह्या जन्मात म्या एवढं सुख पाह्यलं नाही, खरं सांगते. लेकरू बाजूले अन् गप्पा. घरी कुठी बसते पोरगा मायजवळ एवढा वेळ?

अन् मोर्शीले माह्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं. मी म्हटलं जात नाही. समाधान म्हणे, जाय माय, भावाच्या घरचं कार्य हाये, लोकं नावं ठेवतीन, मी घाटात जातच नाही, माल अचलपूरलेच टाकतो. एसटीत बसवून देलं त्यानं मले, खिडकीतून हात हालवला. मंग धारणीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणे, त्यायच्याकडंबी लग्न, फुलं पाह्यजेत, गोबी पाह्यजे. गिऱ्हाइकाले नाही म्हणणं त्याच्यानं कधी झालं नाही.

घाटात गिअर सुटला. त्यानं हातब्रेक ओढला अन् गोटा घेऊन उतरला. दांडा धराले कोणी नव्हतं, ब्रेक दाबून बसाले कोणी नव्हतं. तो वाकून गोटा लावून राह्यला होता अन् गाडी मांगं आली. मांगून येणाऱ्या एसटीच्या डायव्हरनं पाह्यलं. तोच मले सांगाले घरी आला, माह्या पायाशी बसून रडला, म्हणे माय, म्या हॉर्न वाजवला, लय वाजवला. त्याचा काय दोष. मी मांडवातून आली, अंगावर हळदीचं लुगडं तसंच होतं.

मले कोणी काही बोललं नाही, ताई. त्या फोनची आठवण पण कोणी काढली नाही, ते पाराजवळचे म्हातारे मी दिसली का खाली पाहतात. पण मले माह्या कानानं आयकू येते ना माह्याच तोंडचं, हाये ना, हाये, मले दिसून राह्यला इथून.

गाडी पोलिसांकडून सुटली तवा मोठ्या जावयानं शोरूमले नेली. गिअरबॉक्स बदलून देला त्यायनं, नवा, फुकट. मंजुरी आली होती म्हणे. कवा आली होती ते म्या इचारलं नाही, अन् जावयालेबी सांगतलं, इचारू नको. तो साहेब घरापर्यंत आला होता गाडी पोचवाले. चहा केला त्याच्यासाठी, तसाच ठेवून गेला. आता जावई चालवते गाडी. दांडा असा पडते म्हणे, एका बोटानं.

मंग एक दिवस फोन वाजला. तीच पोरगी का दुसरी, मले आवाज तोच वाटला. ताई, आपल्या गाडीचा गिअरबॉक्स बदलून देण्यात आला आहे, आता आपलं समाधान आहे का?

मी म्हटलं, नाही.

ते म्हणे, गाडीत काही अडचण आहे का? मी म्हटलं गाडी चांगली हाये बाई, गिअर चांगला पडते, कोणाची काही तक्रार नाही. समाधान नाही. ते म्हणे, काही कारण सांगू शकाल का, मला इथे कारण लिहावं लागतं. आता काय कारण सांगू? ते लेकरू, तिले काय माहीत. मी म्हटलं, तू जेवली का वं माय? ते मंग हळूच म्हणे, नाही ताई, अजून सुट्टी झाली नाही. मी म्हटलं जेव आधी. ते म्हणे, समाधान नाही असं लिहिते, मग तुम्हाला पुन्हा फोन येईल.

अन् येते, ताई. महिना-दोन महिन्यानं येते. जावई म्हणते, मामी, एकदा हो म्हणून टाका ना, कटकट मिटन. त्याले काय सांगू? या घरात माह्या लेकराचं नाव आता कोणी घेत नाही. पोरी येतात, माह्यासमोर भाऊचा भ काढत नाहीत, का माय रडन म्हणून. गावात दुसऱ्या समाधानले हाक माराची असली तरी माह्या दारासमोर कोणी मारत नाही, पुढं जाऊन मारतात. अन् ते परकी पोरगी, कुठची कोण, एवढ्या गोड आवाजात इचारते, समाधान आहे का. देव तिचं भलं करो, तिच्या नोकरीले धक्का नको लागू देऊ. मी मोबाईल चार्जिंगले लावूनच ठेवते, अन् फोन आला का मोठ्या आवाजावर टाकते. तेवढं नाव आलं का हे ओट्यावरून मान वर करतात.

परवा स्वताहून बोलले, गंज दिवसांनी. म्हणे, फोन नाही आला का वं एवढ्यात?

मी म्हटलं, येईन. आपुन नाही म्हटलं ना, येईन.