पहिल्या नंबरची नोकरी

नाही, पण मी म्हणतो, अभिनंदन कशाचं? जो भेटतो तो हात हातात घेतो आणि गदागदा हलवतो, "वा वा, तुमची संस्था पहिली आली!" अहो आली, पण आणली कुणी? मी! आणि त्यात मेलं कोण? तेही मीच! हसू नका... तुम्ही हो, त्या टोकाला बसलात ते, जरा माझ्या डाव्या हाताला या. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही. हं, आता हसा. निदान मला कळेल तरी, की हसताय.

तर तुम्हाला सांगतो, जगात कुणी अनाथाश्रम चालवतं, कुणी झाडं लावतं, कुणी भटक्या कुत्र्यांचं औषधपाणी करतं. आमची संस्था काय करते? ही सगळी भली मंडळी आपल्या नोकरांना कशी वागवतात ते विचारत हिंडते! पगार किती देता, माणसं किती ठेवता, आणि त्यात सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत की सगळे एकाच साच्यातले गणपती... तीन रकाने. दोनशे चौदा संस्था. वर्षाला एक तक्ता, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. आणि हे सगळं करणारे आम्ही किती? चार! दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत आमचे साहेब, टंकलेखन करणारी एक चष्मेवाली, शिपाईमामा आणि मी. खाली दाताला यंत्र लागलं की वर माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. त्या शिट्टीत साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणतात, "माणूस खोटं बोलेल, तक्ता खोटं बोलत नाही!"

आता माझं दुखणं ऐका. डॉक्टर म्हणाले, यंत्र दोन्ही कानांना हवं. पगारात एकच बसलं. बसवलं डाव्याला. आणि बायको, सव्वीस वर्षं झाली, बसते माझ्या उजव्या बाजूला. म्हटलं, अगं डावीकडे येऊन बोल की. "लग्न झाल्यापासून ही माझी जागा आहे, तुमचा कान गेला म्हणून मी का हलू?" बरोबरच आहे तिचं! दिवसभराचं सगळं ती त्या बंद कानात ओतत राहते, मी आपला मान डोलावतो, चुकीच्या ठिकाणी डोलावतो, मग ती भडकते. "तुम्ही ना, एका कानाने ऐकता आणि दुसऱ्या कानाने सोडून देता!" मला वाईट वाटतं हो. तिचं बोलणं ऐकायचंय मला. म्हणून दुसरं यंत्र हवं, म्हणून पगार हवा, म्हणून दुसरी नोकरी हवी. एवढंच. मी काही बंगला मागत नव्हतो.

आणि नोकरी शोधायला मला कुठे जायला नको. अख्ख्या गावाचे पगार माझ्या टेबलावर! एक ती मोठी संस्था आहे, अकराशे माणसांची, काचेची इमारत. तिथे माझ्याच कामाला आमच्या दुप्पट पगार. दुप्पट! दरवर्षी तक्त्यात पहिली. पण मागच्या वर्षी त्यांच्या संचालकाचा पगार मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. अहो, आमच्या चौघांचा मिळून वर्षाचा होतो तेवढा त्यांचा महिन्याचा! झालं, भर बैठकीत माझी जीभ वळवळली. म्हटलं, "साहेब, पगार किती ते मोजूच नका. वरच्याच्या आणि खालच्याच्या पगारात अंतर किती ते मोजा!" साहेबांची मूठ टेबलावर. "वा! हेच सूत्र!" तक्ता खोटं बोलत नाही म्हणतात, पण त्याला बोलायला शिकवलं मी. माझ्याच पायावर, माझ्याच हाताने, चांगला मोठा बघून धोंडा.

मग साहेबांना सुचलं, या वर्षी आपलाही अर्ज भरू. मी म्हटलं, पेपर तपासणाऱ्याने पेपर लिहायचा? म्हणाले, "नाही लिहायचा असं कुठे लिहिलंय?" भरा! पगारातलं अंतर? शून्य. चौघांना सारखाच पगार, सारखाच फाटका. साहेबांचं काय जातं, त्यांचं घर त्यांची डॉक्टरीण बायको चालवते! आकार? जितकी माणसं कमी तितके गुण जास्त, कारण छोट्या संस्थेत प्रत्येकाचं ऐकलं जातं... ऐकलं जातं! मला सांगतायत! आणि विविधता. आता इथे नियम असा, की एक माणूस जेवढ्या चौकटीत बसेल तेवढ्या चौकटीत मोजायचा. मी बसलो भरायला. वय पन्नासच्या वर? मी. कमी ऐकू येतं? मी. घराण्यातला पहिला शिकलेला? मी. गावाबाहेरून येणारा? मी. डावखुरा? तोही मीच! साहेब मागे उभे राहून म्हणतायत, "अहो, तुम्ही एकटेच पाच जण आहात!" त्या मोठ्या संस्थेत कमी ऐकू येणारी सोळा माणसं आहेत, सोळा! पण अकराशेत सोळा म्हणजे टक्का दीडसुद्धा नाही. आमच्याकडे मी एकटा. चारात एक. पंचवीस टक्के! आयुष्यभर ज्या कानाने मला मागे ठेवलं त्या कानाने संस्थेला पुढे नेलं.

आली ना पहिली! मोठी संस्था घसरली सत्तेचाळीसवर. पेपरात तक्ता छापून आला, खाली नाव कुणाचं? माझं. आणि बरोब्बर तिसऱ्या दिवशी माझी त्या काचेच्या इमारतीत मुलाखत.

लिफ्ट, गार हवा, पाय बुडेल असा गालिचा. मी मुद्दाम खुर्ची सरकवून डावा कान समोर केला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फाइल उघडली, आणि फाइलीत काय? तक्ता! म्हणाल्या, "पहिल्या नंबरची नोकरी सोडून तुम्ही सत्तेचाळिसाव्या नंबरच्या ठिकाणी का येताय?"

आता काय सांगू? तिथे पगार कमी आहे? खाली माझं नाव छापलंय, की नोकरी करायला याहून चांगली जागा नाही! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मग मी सुरू केलं... मोठं आकाश, नवा अनुभव, काहीतरी शिकायचंय... चोपन्नाव्या वर्षी मी काय शिकणार? बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तिथे तुमच्या हातून काही गडबड वगैरे झालीय का?" म्हटलं, नाही हो! "कारण आमचा त्या तक्त्यावर फार विश्वास आहे. तक्ता खोटं बोलत नाही." साहेबांचंच वाक्य! आम्ही पहिल्या पानावर छापतो ना ते!

आठ दिवसांनी पत्र. आपण आहात तिथे सुखी आहात असं आम्हाला वाटतं. वाटतं!

गेलो तसाच साहेबांकडे. म्हटलं, संस्था पहिली आणली, पगार वाढवा. साहेबांचे डोळे भरून आले, खरंच भरून आले, माणूस वाईट नाही. म्हणाले, "आज वाढवला असता हो. पण एकट्या तुमचा वाढवला तर अंतर पडेल. अंतर पडलं की नंबर गेला. आणि चौघांचा वाढवायला पैसे कुठायत?" म्हटलं, मग मी सोडून जाऊ? तर हात धरला माझा! "असं नका करू. तुम्ही गेलात की एका दिवसात आपली सगळी विविधता गेली!" आता बोला. जाता येत नाही, राहवत नाही, आणि दोन्ही दारांना कुलूप कुणी लावलं? मीच!

घरी बायकोला सांगितलं. ती काहीतरी बोलली, उजवीकडून. मी मान डोलावली. चुकीच्या ठिकाणी.

आणि एवढ्यावर थांबेल तर ते नशीब कसलं! महिन्याभरात चष्मेवालीने राजीनामा दिला. कुठे चाललीस? "बघू." एवढंच, आणि गेली. तिच्या जागेची जाहिरात दिली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! अर्ज किती आले असतील? चारशे बारा! पहिल्या नंबरची नोकरी ना! आणि ते निवडायचे कुणी? तुलना कोण करतं आमच्याकडे? चारशे बारा माणसांचा तक्ता केला, रात्रंदिवस. सगळ्यांत वर जे नाव आलं त्या बाईंना बोलावलं, दार उघडलं... आणि समोर कोण? काचेच्या इमारतीतल्या मुलाखतवाल्या बाई!

हो! त्याच! खुर्चीत बसल्या, खाली दाताला यंत्र लागलं, माझं यंत्र शिट्टी मारतंय, आणि मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. इतकी चांगली जागा सोडून इथे का? तर बाई काय म्हणाल्या माहितीय? "पगार आहे हो तिथे. पण नऊ वर्षांत लिफ्टमध्ये कुणी मला नावाने हाक मारली नाही. अकराशे माणसं, आणि दुपारचा डबा मी एकटी खाते." तेवढ्यात शिपाईमामांनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला, विचारलं, ताई, साखर किती घालू? बाईंना काय झालं कुणास ठाऊक, मामांना दोन-दोनदा धन्यवाद देत राहिल्या. मला त्यांची दया आली. मग स्वतःचीही आली.

साहेब फोन घ्यायला आत गेले तेवढ्यात मी पुढे वाकलो, हळूच विचारलं, "बाई... तुमच्याकडची ती जागा... ज्यासाठी मी आलो होतो... अजून रिकामी आहे का हो?"

म्हणाल्या, "नाही हो, भरली. तुमच्याकडच्याच बाईंना घेतलं, त्या चष्मेवाल्या. त्यांनाही मी तेच विचारलं, पहिल्या नंबरची नोकरी का सोडताय? म्हणाल्या, 'तिथे पगार फार कमी आहे.' इतकं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. लगेच घेतलं."

पगार फार कमी आहे. चार शब्द! माझ्या जिभेवर होते हो ते, दाताखाली दाबून धरले होते मी!

बायको म्हणते, झालं ते झालं, एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्या कानाने सोडून द्यायचं. पहिल्यांदाच डावीकडे येऊन बसली होती, म्हणून नीट ऐकू आलं. मलाही तेच करायचंय हो... पण सोडू कुठून? दुसरा बंद आहे ना!