पट्ट्याची गाठ

—न्हाई ताई, च्या नको. तुमी प्या. बसा की, सरकते मी. जतवरनं सून आणलीया म्हंजे लांबचा पल्ला झाला तुमाला. आमी शिराळ्याकडचं. आत माझी लेक हाय, क्रांती — पयलं बाळंतपण, म्हणून म्हायेराला आणलीया. जावई मिलिटरीत. सकाळधरनं दोनदा फोन आला त्येंचा. मी सांगितलं, सगळं बेस हाय. दुसरं काय सांगणार लांबच्या माणसाला?

तुमच्या सुनंलाबी लावतील ते मशीन — टकटक करतंय, तेच. पोटावर दोन पट्टं बांधत्यात. खालचा बाळाच्या ठोक्याचा, वरचा कळांचा. कळ आली की कागदावर डोंगर उठतोय, गेली की रेघ सपाट. सिस्टरनं सांगितलं मला समजावून. पोरगी चांगली हाय, पर एकटी, आन बायका चार. म्हणली, मावशी, कागदाकडं ध्यान ठेवा, मी आलेच. मी ठेवलं की. डोंगर येत हुतं, बारकं-बारकं, पर येत हुतं. क्रांतीचा आवाज आला का तुमाला? येणारच न्हाई. मीच सांगितलं हुतं तिला — सासूबाई येतील, त्येंच्या कानावर बोंब जायला नको, पदर चाव. गाऊनला पदर कुठला, तर पोरीनं टावेल चावला. लय अभिमान वाटला मला. आता वाटतंय, वरडली असती तर बरं झालं असतं.

तुमच्यात गाठी सोडत्यात का वो, बाई अडली की? आमच्यात एक गाठ ठेवत न्हाईत. सकाळीच घरी फोन लावला — ट्रंकंचं कुलूप काढा, पोत्याची तोंडं सोडा, शेळीचं दावं सुदीक सोडा. ल्योक हसला. हसंना. माझं पयलं पोरगं — जाऊ दे ते. आता काय काढायचं. — न्हाई, पोरगाच हुता. रडलाच न्हाई. सासू म्हणली, गोठ्यात दाव्याची गाठ ऱ्हायली, तुझ्याच हातची. एकतीस वरसं झाली. मला अजून कुठं गाठ दिसली की हात जातोय.

तसाच गेला. खोटं कशाला बोलू तुमच्याशी. वरच्या पट्ट्याचं बक्कल मोडलंय, म्हणून गाठच मारल्याली — आवळून, करकचून. क्रांती म्हणत हुती, आये, काचतंय गं. सिस्टर तिकडं गेलती. ठोक्याच्या पट्ट्याला हात न्हाई लावला मी, तेवढी अक्कल हाय. वरची गाठ तेवढी सोडली, दोन बोटं सैल केला, आन चादर वढली. लगेच कागद सपाट झाला. मला वाटलं, सुटली पोरगी, आराम पडला तिला. पर तिची मूठ माझ्या हातात, ती आवळायची थांबंना. सिस्टर आली, कागद बघितला, म्हणली कळा गेल्या की मावशी — आन सलाईनमधनं कळा आणायचं औषद चाललं हुतं, त्येचं थेंब वाढवलं. पोटावर हात ठेवून बघणार, तवर पलीकडची बाई बाळंत व्हायला लागली, तशीच पळाली. परत आली तर कागद सपाटच. परत वाढवलं. मी गप. सांगितलं तर म्हणतील, म्हातारीनं हात कशाला लावला. मग बाळाचा ठोका उतराय लागला. एकशे चाळीसचा शंभर, शंभरचा नव्वद. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं, मला भाईर काढलं, आन डॉक्टरला फोन लावत परत आत पळाली. भ्या वाटतंय वो मला. लय भ्या वाटतंय.

असं काय बघताय माझ्याकडं? औषद? — चालूच हाय की. दार लावताना बघितलं मी, थेंब गळत हुतं. बंद कशाला करतील, त्येंच्या कागदावर कळाच न्हाईत. त्येंस्नी वाटतंय, हिला कळाच न्हाईत. आन हिकडं पोरीला कळंवर कळ, मधी दम घ्याला जागा न्हाई, ना तिला ना बाळाला — आन हे ठावं कुणाला हाय? मला. मी हितं बसून तुमाला सांगतीया.

सरका, ताई. पिशवी ऱ्हाऊ द्या तिथंच. न्हाई, तुमी नका येऊ, माझं मला सांगू द्या — सिस्टर, दार उघडा. क्रांतीची आई हाय मी. ते औषद बंद करा आदी. तिला कळा येत्यात, कवाच्या येत्यात. पट्टा मी सोडला.