वनस्पतींच्या पावडरीची बातमी

मला भांडकुदळ म्हणता ना, मग हे ऐका. गडमुडशिंगीच्या सदाशिवआण्णांच्या शेततळ्यातले मासे मेले. सगळ्या रोगांवर चालणारी म्हणून त्यांनी खाद्यातून वनस्पतींची पावडर दिली आणि मासे आजारी पडले तरी औषध आणलं नाही. मी तावातावाने तिथं गेलो. काठावर मेलेल्या रोहूंचा ढीग होता.

"पावडर विकणाऱ्याला सोडत नाही. कुणी गळ्यात मारली तुमच्या?"

"कुणी न्हाय. पेपरात वाचून मीच आणली."

"असलं छापलं कुणी?"

आण्णांनी खिशातून कात्रण काढलं. "हितं खाली नाव हाय की, पावणं. तुमचंच."

कंपनीने पाठवलेला मजकूर मी काहीही न तपासता माझ्या नावाने बातमी म्हणून पेपरात दिला होता. त्या दिवशी आण्णा भांडले असते, तर बरं झालं असतं.