कमलाकरची अँबॅसिडर आणि चार लिंबं

...आणि भोक तरी केवढं म्हणता? सुईचं टोक! राजगिऱ्याचा दाणा त्यात बसायचा नाही! पण त्या भोकापायी आमच्या वरच्या मजल्यावरचा कमलाकर, बँकेतून रिटायर झालेला चांगला शहाणासुरता माणूस हो, ताट निवत ठेवून गॅलरीत बसतो, डोळ्याला भिंग, हातात काडी, काडीच्या टोकाला पुट्टी... जेव म्हटलं तर म्हणतो, आधी हे बुजू दे!

भानगड काय, तर गाडी. वीतभर लांबीची, रेझिनची. रेझिन म्हणजे डिंकासारखं पातळ काहीतरी, साच्यात ओतायचं, सुकलं की दगड. कुरिअरनं अँबॅसिडरचा नुसता सांगाडा आला. आता ओततानाच त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि कुठं लपून बसतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. कमलाकरनं साच्याच्या जोडाची उठलेली शिवण घासली, भोकं बुजवली, पाणी लावून लावून पॉलिशपेपर फिरवला, लहान लेकराच्या गालासारखी गाडी गुळगुळीत केली, म्हणाला, झालं! वरून रंगाच्या आधीचा करडा प्रायमर मारला. आणि प्रायमर मारला की... भोकं! नवी! काल नव्हती ती!

प्रेमलावहिनी म्हणाल्या, लांबून कुणाला दिसतंय हो ते? तर हा म्हणतो, "आईला दिसलं तर?"

आई म्हणजे राजाबाई, मूळच्या करमाळ्याच्या. यजमान तिथं अँबॅसिडर भाड्यानं चालवायचे, आकाशी रंगाची. ते गेले, गाडी विकली, आई इकडं जुळे सोलापुरात लेकाकडं आल्या. मोतीबिंदू काढलाय, नजर लख्ख आहे, पण आठवणीनं दगा दिलाय. पोटच्या पोराला रोज चहा घेताना विचारतात, "तुमी कुणाकडचं म्हनायचं?" आणि कमलाकर रोज अदबीनं सांगतो, तुमच्याकडचाच की! हसून सांगतो हो. मग गॅलरीत जाऊन घासत बसतो. आईनं बाबांची गाडी एकदा ओळखावी, बास, दुसरं काही मागणं नाही.

परत पुट्टी, परत घासणं, परत प्रायमर, आणि प्रायमर मारला की... तुम्हीच सांगा! भोकं!

पण संपली हो एकदाची. आकाशी रंग चढला, वरून चकाकीसाठी लॅकरचा शेवटचा हात मारला आणि मला सकाळी बोलावलं. मी आपला चहाच्या आशेनं गेलो आणि दारातच थांबलो. काय सांगू तुम्हाला... वरची ट्यूबलाइट बॉनेटमध्ये अख्खी दिसत होती, सरळ, कुठं लाट नाही, कुठं ठिपका नाही. वाकलो तर माझं नाक, नाकावरचा चष्मा... अहो, माणसाच्या बोटांनी होतं हे? मी हात जोडले. खरंच जोडले, हसू नका. कमलाकर म्हणाला, लॅकर ओला आहे, श्वास तिकडं सोड.

धूळ बसू नये म्हणून गाडी गॅलरीत जाळीखाली ठेवली. आणि दिवस कुठला? खंडेनवमी! खाली पार्किंगमध्ये स्कूटरी, सायकली, रिक्षा, सगळ्यांना झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ... आणि आम्ही झाडून सगळे खाली! वर कोण? आई, जाळी आणि हळदीकुंकवाचा करंडा!

वर आलो तर बॉनेटवर हळदीचं बोट ओढलेलं, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता, आणि सगळं ओल्या लॅकरमध्ये रुतून बसलेलं! वहिनींनी तोंडाला पदर लावला. कमलाकर पांढराफटक. मी मनात म्हटलं, गेलं, आता पुन्हा पॉलिशपेपर, पुन्हा प्रायमर... तेवढ्यात आईच रागावल्या.

"कमळ्या, चाकाखालची लिंबं कुटं हायत? तुजं वडील भाडं घिऊन निगालं की!"

कमळ्या! तुम्हाला सांगतो, रोज सकाळी परका होणारा तो माणूस, पिकल्या केसांचा, "आणतो की आई" म्हणाला आणि उभ्याउभ्या रडायला लागला. मीही गॅलरीतून उगाच खाली बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा "तुमी कुणाकडचं" झालंच, ते काही सुटलं नाही. पण हळद त्यानं घासली नाही. उलट तिच्यावर आणखी एक हात लॅकर मारला, कुंकवावर, तांदळाच्या दाण्यावर, जपून जपून.

राहिली लिंबं. आईनं मागितलीत म्हटल्यावर आणायला नकोत? पण त्या एवढ्याशा चाकाखाली बाजारातलं लिंबू बसणार कसं? मग यानं ज्वारीच्या दाण्याएवढा साचा केला, रेझिन ओतलं, चार लिंबं काढली, प्रायमर मारला, आणि प्रायमर मारला की... हो! भोकं! मी म्हटलं, अरे देवमाणसा, लिंबाच्या सालीला भोकं असतातच की! तुझ्या हातून झालेली ही पहिली वस्तू, जिला भोकं शोभतात, राहू दे! त्यानं भिंग लावलं, चारही लिंबं निरखली, मान डोलावली, "बरोबर आहे तुझं" म्हणाला...

...आणि काडी पुट्टीत बुडवली.