हिरव्या फलकाचे शिल्पकार

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आदरणीय डॉ. सुनंदा वेलणकर मॅडम. ज्यांच्यासाठी ही शाल, हा हार आणि मागच्या टेबलावर झाकून ठेवलेली ती बिर्याणी आहे ते आजचे सत्कारमूर्ती, आमच्या संगणक विभागाचे प्रमुख श्री. हरीश टिपणीस सर, सौ. टिपणीस वहिनी; व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेले आखातातल्या आपल्या मराठी मंडळाचे कार्यकारिणी सदस्य; रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ; आणि आईने हाक मारली की मोबाइलमधून मान न काढता "व्हॉट?" म्हणणाऱ्या माझ्या बालमित्रांनो.

सूत्रसंचालन करणाऱ्या जुईलीताईंनी मला बजावलं आहे की फक्त दोन मिनिटं बोल आणि गोड बोल. दोन्ही एकदम जमेल असं वाटत नाही. टिपणीस सरांसारख्या माणसाबद्दल दोन मिनिटांत गोड बोलायचं म्हणजे बरंच गाळावं लागेल, आणि काही गाळल्याने काय होतं हे आमच्या विभागाने अलीकडेच पाहिलं आहे. पण त्याकडे मी सवडीने येते.

सर आले तेव्हा आमचा विभाग तळघरात होता. अजूनही तिथेच आहे, पण सर आल्यापासून त्याला 'डिजिटल सेंटर' म्हणतात. पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला उभं करून विचारलं, "तुमच्या कोडची गुंतागुंत किती?" आम्ही म्हटलं, खूप. सर म्हणाले, "खूप हा आकडा नाही."

इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही. खरंच चांगलं वाक्य आहे. मी तर तेव्हाच मनात म्हटलं, आला बाबा एकदाचा कोणीतरी विचार करणारा माणूस. माणसाबद्दल पहिल्या दिवशी झालेलं मत किती दिवस टिकतं, हे इथे संसार करणाऱ्या भगिनींना मी काय सांगू?

तर आकडा. सभागृहात डॉक्टर मंडळी जास्त आहेत, म्हणून सोपं करून सांगते. प्रोग्राम म्हणजे सूचनांचा रस्ता. 'असं असेल तर इकडे जा, नाहीतर तिकडे' असं जिथे येतं तिथे रस्त्याला फाटा फुटतो. एका फंक्शनमधले, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यातले, फाटे मोजायचे, त्यात एक मिळवायचा, झाली त्याची गुंतागुंत. फाटे जास्त तितकं ते समजायला, तपासायला आणि बदलायला अवघड. यात काही खोटं नाही. थर्मामीटरसारखी सोय आहे. कुठे पाहायचं ते आकडा सांगतो. काय करायचं ते पाहणाऱ्याने ठरवायचं असतं.

सरांनी मात्र ते ठरवण्याचं कामही आकड्यावरच सोपवलं. कँटीनकडच्या भिंतीवर ज्या टीव्हीवर आम्ही क्रिकेट बघत होतो, त्याच्यावर फलक आला. दहापर्यंत हिरवा, त्यावर पिवळा, आणखी वर लाल. फर्मान निघालं की महिनाअखेरपर्यंत एकही लाल चौकोन दिसता कामा नये. कोणतं फंक्शन रोज वापरात आहे, कोणतं कित्येक वर्षांत कुणी उघडलेलं नाही, कुठे चुका सापडतात, कुठे सापडत नाहीत, असले क्षुद्र प्रश्न कुणी विचारायचे नाहीत.

मग काय झालं? मंडळी, पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर कसं आवरतो? पसारा उचलतो, पिशव्यांत भरतो, पिशव्या पलंगाखाली सरकवतो. फलक एका फंक्शनमधले फाटे मोजतो ना? मग लांबलचक फंक्शन घ्यायचं, कात्रीने कापायचं, आणि तुकड्यांना नावं द्यायची: भाग एक, भाग दोन, भाग दोन नवा, भाग दोन नवा अंतिम. प्रत्येक तुकडा हिरवा. फाटे होते तेवढेच. आधी निदान एका जागी वाचता यायचे, आता एक ओळ समजायला चार फायली उघडायच्या. याला आमच्याकडे 'रिफॅक्टरिंग' म्हणू लागले. त्या शब्दाचा खरा अर्थ बाहेरची वागणूक तशीच ठेवून आतली मांडणी सुधारणं. आमच्याकडे आतली मांडणी बिघडवून बाहेरचा रंग सुधारला.

आता एक लाल चौकोन उरला. तो होता इद्रीसभाईंचा.

इद्रीस परकार आमचे सगळ्यांत जुने प्रोग्रामर. रत्नागिरीकडचे. स्वभावाने आंबट, बोलण्यात तिखट, आणि स्वतःच्या कोडवर टीका ऐकली की दोन दिवस अबोला. त्यांचं ते फंक्शन एक काम करायचं: प्रयोगशाळेतल्या यंत्राने तपासणीचा निकाल दिला की तो कुणाला कळवायचा आणि किती घाईने, हे ठरवायचं. ते सुंदर होतं असं मी त्यांच्या तोंडावरही म्हणणार नाही. स्क्रोल करून बोट दुखायचं. रमजानातल्या ड्युटीच्या वेळा, सुटीवर गेलेले डॉक्टर, अरबीत एक आणि इंग्रजीत दुसरंच नाव असलेले रुग्ण, प्रत्येकासाठी एकेक फाटा. इद्रीसभाईंना स्वतःलाच ते सुधारायचं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की आधी प्रत्येक फाट्यासाठी चाचणी लिहू, म्हणजे काही तुटलं तर ओरडेल, आणि मगच हात घालू. सर म्हणाले, वेळ कुठे आहे, महिना संपतोय.

आणि मग, सभ्य स्त्रीपुरुषहो, नेतृत्व म्हणजे काय ते आम्ही पाहिलं. सर स्वतः खुर्ची ओढून बसले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. सरांनी शेवटचा प्रोग्राम लिहिला तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यावर केस होते, पण सर डगमगले नाहीत. मी बाजूच्या टेबलावर होते, म्हणून पुढचं संभाषण मला जसंच्या तसं ठाऊक आहे. सर एका फाट्यापाशी थांबले आणि म्हणाले, हा बिनकामाचा दिसतो. एकाच नंबरच्या पेशंटसाठी दोन नियम कशाला?

इद्रीसभाई म्हणाले, "साहेब, त्याला हात नका लावू. तिथं बाळं आहेत."

सर हसले. "इद्रीस, कोडमध्ये बाळं नसतात. कंडिशन असतात."

सभागृहातल्या आयांना हा फाटा मी समजावून सांगायची गरज नाही, पण सरांसाठी सांगते. इथे मूल जन्मलं की त्याच दिवशी त्याच्या हातात सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, पडत नाही. दाखला, पासपोर्ट, सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणाऱ्या मंदूबच्या फेऱ्या, सगळं व्हायला वेळ जातो. तोवर आमच्या रुग्णालयात बाळाचं रक्त आईच्याच नंबरावर तपासायला जातं, शेवटी बाळाची एक छोटी खूण जोडून. इद्रीसभाईंचा फाटा ती खूण बघायचा आणि निकालाला बाळाचे नियम लावायचा. कारण तरण्याताठ्या बाईच्या रक्तात काविळीचा जो आकडा आला तर 'जास्त' एवढंच छापून भागतं, तोच आकडा तान्ह्या बाळाचा असेल तर तंत्रज्ञाच्या स्क्रीनवर लाल चौकट यायची आणि वॉर्डला फोन केल्याची नोंद होईपर्यंत हटायची नाही.

सरांनी तो फाटा काढला. ती खूणही 'अनावश्यक' म्हणून काढली. इद्रीसभाई उठून चहा प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. फलक संपूर्ण हिरवा झाला. केक आला, त्यावरचं क्रीमसुद्धा हिरवं होतं. मुख्य कार्यालयाकडून अभिनंदन आलं, आणि त्याच अभिनंदनातून सरांची रियाधची बढती उगवली. मीही केक खाल्ला, पिस्त्याचा होता, बरा होता.

यानंतर काय झालं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त अर्धं. एका बाळाची कावीळ वाढली. यंत्राने आकडा बरोबर दिला. पण प्रयोगशाळेच्या स्क्रीनवर नाव आईचं, वय आईचं, आणि लाल चौकट नाही. तंत्रज्ञाने निकाल मंजूर केला आणि पुढचा नमुना घेतला. फोन गेला नाही. वॉर्डात नूरबानू सिस्टर बाळाचं अंग पुसत होत्या, त्यांना बाळाच्या डोळ्यांचा रंग आवडला नाही आणि त्यांनी डॉक्टरांना ओढत आणलं. बाळ निळ्या दिव्याखाली राहिलं, बरं झालं, घरी गेलं. अर्ध्या तासाने काय झालं असतं, ते डॉक्टर मंडळींनी मला सांगू नये. मला झोप यायची बंद होईल.

मग चौकशी बसली. आमच्या विभागाला विचारण्यात आलं की प्रणालीत काही दोष होता का. आमचं उत्तर खातेप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, सहीनेच जातं. ते गेलं: प्रणाली पूर्णपणे हिरवी आहे. आणि ज्या अर्थी प्रणाली हिरवी आहे, त्या अर्थी निष्काळजी माणूसच असणार. तो निकाल मंजूर करणाऱ्या त्या माणसाचं नाव अफ्रीन सोलकर.

अफ्रीन तिसऱ्या रांगेत बसली आहे. माना वळवू नका, ओळखता तिला सगळेच. आपल्याकडे कुणाचंही रक्त काढायचं असलं तर 'अफ्रीन आहे का' विचारून जातो आपण. तिचा नवरा साबीर शहराबाहेर अम्गऱ्याला लाकडाच्या यार्डात कामाला आहे, तो बाहेर गाडी लावतोय. मी तिला मघाशी विचारलं, अगं, तू कशाला आलीस या समारंभाला? ती म्हणाली, "नाय आले तर म्हणतील, चूक होती म्हणून तोंड लपवते."

परवा रविवारी समितीचा निर्णय आहे. निर्णय 'कामात निष्काळजीपणा' असा आला तर तिची इथली नोकरी जाईलच, पण तो शेरा घेऊन दुसरी प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नोकरीला बांधलेला, आणि नाव त्या शेऱ्याला. आणि त्या समितीच्या प्रमुख, योगायोगाने म्हणा किंवा जुईलीताईंच्या कल्पकतेने म्हणा, आजच्या आपल्या अध्यक्षा आहेत.

सुनंदा मॅडम, मला ठाऊक आहे की ही जागा चौकशीची नाही. पण चौकशीच्या जागी आम्हाला बोलावलं नाही. काल गुरुवारी दुपारी इद्रीसभाईंनी चाचणीच्या संगणकावर तो जुना फाटा आणि ती खूण परत जोडली. त्याच बाळाचा तोच निकाल पुन्हा त्यातून चालवला. लाल चौकट आली. फाटा काढून पुन्हा चालवला. आली नाही. आम्ही दोघं ते बघत असताना मागे टिपणीस सर उभे होते. हे मी सरांच्या समोर सांगते आहे, पाठीमागे नाही. सर म्हणाले, मी गेल्यावर काय ते करा, आता माझ्या रिलीझमध्ये, इथून सुटायच्या कागदांत, घोळ नको.

वहिनी, तुम्ही माझ्याकडे अशा बघू नका. तुमचा राग रास्त आहे, तुम्ही पैठणी नेसून आला आहात आणि मी काय बोलतेय. पण निरोपाच्या भाषणात माणसाच्या कार्याचा आढावा घ्यायचा असतो. सरांचं इथलं सगळ्यांत मोठं कार्य हेच आहे, बाकी फलकच आहे.

सर, एक गोष्ट मी मनापासून मान्य करते. ते फंक्शन सुधारायला हवंच होतं. तुमचा आकडा बरोबर होता, बोट बरोबर जागी ठेवलं होतं तुम्ही. पण ज्या तुकड्याला हात लावायची भीती वाटते तिथे आधी भीती कशाची आहे ते विचारायचं असतं. इद्रीसभाईंनी तर न विचारताच सांगितलं होतं. तुम्ही महिनाअखेर पाहिली. आता आम्हाला चाचण्या लिहायच्या आहेत, पिशव्या पलंगाखालून काढायच्या आहेत, आणि तो फाटा परत चालू प्रणालीत घालायचा आहे. त्या शेवटच्या कामाला तुमची सही लागते. तुम्ही अजून खातेप्रमुख आहात. आज, या क्षणीसुद्धा, प्रसूती विभागात जी बाळं आहेत, ती आईच्याच वयाची धरली जात आहेत. सिस्टर लोक डोळ्यांत तेल घालून बसल्या आहेत, म्हणून आपण निवांत समारंभ करतो आहोत.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझ्यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आहे, आणि त्यानंतर अध्यक्षीय समारोप. क्रम फार छान लागला आहे. सरांनी मनोगतात आमचे आभार मानू नयेत, आम्हाला सवय नाही. रियाधबद्दलही नंतर बोलता येईल. अध्यक्षांना ऐकू जाईल अशा आवाजात एकच वाक्य म्हणावं: तो इशारा अफ्रीनने चुकवला नाही, मी काढला होता. एवढं बोलायला सरांना मराठी पुरत नसेल तर इंग्रजी चालेल, मागच्या रांगेतली मुलंही ऐकतील.

सर हे बोलले, तर मी स्वतः त्यांना विमानतळावर सोडायला जाईन आणि सामान उचलेन. नाही बोलले, तर रविवारी समितीच्या दारात मी आणि इद्रीसभाई न बोलावता उभे असू. मग आमच्याही इकाम्याचं जे व्हायचं ते होवो. इद्रीसभाई मान हलवताहेत. त्यांचा अबोला चालू आहे, पण मान हलते आहे.

जुईलीताई दोन मिनिटांची खूण करून थकल्या, त्यांचे आभार. हॉल देणाऱ्यांचे, आचाऱ्यांचे, आणि हे सगळं शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. अध्यक्षांचा आणि सत्कारमूर्तींचा मान राखताना माझी जीभ कुठे घसरली असेल तर ती माझी चूक समजा, पदरात घ्या, आणि ती माझ्याच नावावर लिहा, दुसऱ्या कुणाच्या नको.

टिपणीस सर, या. माइक चालूच ठेवते.