चिनी मातीचं घड्याळ

"हॅलो?… हॅलो, कोण? रुचिर?… अरे, जोरात बोल, खाली वरात चाललीय, बँडमुळे काही समजत नाही… हां, आता येतंय ऐकू."

अहल्याबाईंनी एका कानात बोट घातलं आणि बाल्कनीकडे पाहिलं. दत्तात्रय तिथे पाठ करून बसले होते. रुचिर बँकेची पक्की नोकरी सोडून इंदूरला परदेशी घड्याळांच्या शोरूममध्ये लागला, त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. त्याचा फोन आला, की दत्तात्रय उठून बाहेर जात.

"घालतात रे घड्याळ! तू देऊन गेलास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी डबी उघडली… छे, माझ्यासमोर कशाला उघडतील? मी स्वयंपाकघरातून बघितलं… आधी स्वतःशीच म्हणाले, सिरॅमिक म्हणजे चिनी मातीच ना, मग लोणच्याची बरणी बांधू का मनगटाला?… हसू नकोस, ऐक ना. मग किल्ली घेऊन पट्ट्यावर घासली. रेघ उठेना! मग खिळा आणला… अरे हो, खिळा! तरी तसंच काळंभोर, चकचकीत. कमाल आहे हं तुझ्या घड्याळाची."

रेल्वेतल्या सगळ्या नोकरीत दत्तात्रयांनी घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं होतं. स्टील अंगाला लागलं, की त्यांचं मनगट लाल व्हायचं, चिघळायचं. रुचिर ते बघतच मोठा झाला होता.

"पुरळ?… नाही रे बाबा, एक पुटकुळी नाही! मे महिना, एवढा घाम, तरी बिलकुल काही नाही… वजनच लागत नाही म्हणतात. स्टील उन्हात चटके देतं, थंडीत गारठतं, हे मात्र अंगासारखंच ऊबदार राहतं म्हणे… मला नाही, मला कशाला सांगतील? टावर चौकात शेजारच्या माधवरावांना सांगून राहिले होते. मी भाजी घेत मागेच उभी. 'आमच्या मुलाने खास शोधून आणलंय,' म्हणाले… हो. 'आमच्या मुलाने'च म्हणाले… रुचिर?… अरे, आहेस ना?"

खालचा बँड पुढे सरकला होता. अहल्याबाईंनी आवाज खाली आणला.

"पण एक झालंय… घाबरू नकोस, सांगते. काल पडलं ते. न्हाणीघरात, फरशीवर… नाही, चालू आहे. पट्ट्याची एक कडी फुटली. स्टीलला पोचा आला असता, याचे कपासारखे दोन तुकडेच झाले… पडलं की फुटतं, हे सांगून गेला होतास? कोणाला? ते ऐकायला थांबले होते का!… कालपासून धड जेवले नाहीत… तुझ्यावर कशाला रागावतील? तुला कसं सांगायचं, हीच चिंता. 'पोराने एवढ्या मायेने दिलं आणि मी फोडून बसलो,' एवढंच म्हणाले, बस…"

त्या थबकल्या. दत्तात्रय शेजारी येऊन उभे होते. एका हातात घड्याळ, दुसरा हात पुढे केलेला. अहल्याबाईंनी रिसीव्हर त्या हातात दिला.

"हॅलो… हं. मी आहे, बाबा… हो, तब्येत ठीक… ऐक, चूक माझी. साबणाचा हात होता… नाही, मला बोलू दे… काय? नवी कडी मिळते?… पक्कं? नाही, नाही, चिकटवलं नाही काही. तुझी आई डिंक घेऊन बसली होती, मी हात लावू दिला नाही… अच्छा, भट्टीत भाजतात?… स्टील वितळेल एवढी गरम? बाप रे! म्हणूनच खिळ्याने रेघ… तुला कोणी सांगितलं खिळ्याचं?"

त्यांनी बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. अहल्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"शनिवारी?… नको, तू येऊ नकोस… अरे, रागाने नाही म्हणत, पूर्ण ऐकून तर घे! मीच येतो तिकडे. तुझी शोरूम बघायचीय मला… हो, आई पण. पण आम्हाला बघून तुझे साहेब काही म्हणणार तर नाहीत?…"

यावर रुचिर काय बोलला कोण जाणे. दत्तात्रय नुसते हं, हं करत राहिले.

"बरं… बरं. ठेवतो, बेटा."

फोन ठेवला, तरी त्यांचा हात त्यावरच होता.

"काय म्हणाला?" अहल्याबाईंनी विचारलं.

"म्हणाला, साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, बाबा एक दिवस नक्की येतील."